हाड आखडलं, टाळू उरली

अमेरिकेतल्या पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९४२ साली फर्क्वरसन आणि स्मिथ या दोन डॉक्टरांचा लेख छापून आला. कुत्र्याची मऊ टाळू कापून आखूड कशी करावी, हा त्याचा विषय. सात वर्षांनी, १९४९ मध्ये, त्याच नियतकालिकात ट्रेडर नावाच्या डॉक्टरांनी नाकाच्या ऑपरेशनवर जेमतेम दोन पानं लिहिली. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना मोकळा श्वास घेता यावा म्हणून आज जगभर जी शस्त्रक्रिया होते, तिचे दोन मुख्य घाव या दोन लेखांत आहेत. एक घशातला, दुसरा नाकपुडीवरचा. मात्र या शस्त्रक्रियेचं कूळ शोधायचं तर दवाखान्यातून बाहेर पडून कुत्र्यांच्या प्रदर्शनात जावं लागतं. दुखणं जन्मलं ते तिथे.

बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने बंद झाला आणि बुलडॉगचं पिढीजात काम गेलं. १८५९ मध्ये न्यूकासलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये केनेल क्लब निघाला, १८७५ मध्ये बुलडॉगवाल्यांचा स्वतःचा क्लब झाला. कामाच्या कुत्र्याला नाक किती लांब हवं हे त्याचं काम ठरवतं. प्रदर्शनातल्या कुत्र्यासाठी ते परीक्षक ठरवू लागला. बैलाला जबड्यात धरूनही श्वास घेता यावा म्हणून बुलडॉगचं नाक मागे सरलं, असं अजूनही ऐकवलं जातं. पण जुनी चित्रं वेगळं सांगतात. खेळ चालू होता त्या काळातल्या बुलडॉगला चांगलं पुढे आलेलं तोंड होतं. ते खरं आत गेलं खेळ थांबल्यावर, रिबिनी आणि चषकांच्या काळात. पगचं तसंच. चित्रकार विल्यम हॉगार्थने १७४५ मध्ये पूर्ण केलेल्या आत्मचित्रात त्याचा ट्रम्प नावाचा पग बसलेला आहे. त्याचं थोबाड इतकं पुढे आलेलं आहे, की आजच्या पगवाल्याला तो आपल्या जातीचा वाटणार नाही.

निवड होत गेली ती चेहऱ्याच्या हाडाची. आखूड हाडाच्या नरामादीची जोडी लावायची, पिल्लांतली सर्वांत चपटी राखायची, पुन्हा तेच. हाड झपाट्याने आखडलं. आतली जीभ, टाळू, नाकातले कुरळे पडदे मात्र त्या प्रमाणात आखडले नाहीत. दुहेरी गादी एकेरी खोळीत कोंबावी तसा हा सगळा मांसल ऐवज लहानशा कवटीत दाटला. टाळू मागे लोंबून स्वरयंत्राच्या तोंडावर येऊ लागली. नाकपुड्या मिटून नुसत्या फटी उरल्या. काही कुत्र्यांत, विशेषतः बुलडॉगमध्ये, श्वासनलिकाही जन्मतः अरुंद असते, आणि तिच्यावर कात्री चालत नाही.

अरुंद वाटेचा हिशोब क्रूर असतो. हवा संथ वाहते आहे असं धरलं, तर नळीची त्रिज्या निम्मी झाल्यावर अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. मग कुत्रा जोर लावून हवा आत ओढतो. त्या ओढीने घशातला मऊ भाग सुजतो, जाड होतो, आणखी आत खेचला जातो. स्वरयंत्राच्या दोन बाजूंच्या छोट्या पिशव्या उलट्या होऊन वाटेत येतात. शेवटी स्वरयंत्राची कूर्चाच दबू लागते. या ढासळण्याच्या तीन पायऱ्या लिओनार्ड यांनी १९६० मध्ये मांडल्या. उलटलेल्या पिशव्या ही त्यातली पहिली. त्यामुळे ऑपरेशनचा विचारही बदलला. नाक आणि टाळू हे मूळ दुखणं, बाकी बरंचसं त्याच्या ओढीतून आलेलं. मूळ लवकर मोकळं केलं, तर पुढची पडझड रोखायला वाव मिळतो. म्हणूनच लक्षणं दिसणाऱ्या कुत्र्याला म्हातारपणापर्यंत थांबवू नये, असं शल्यविशारद सांगू लागले.

पुढचा इतिहास हत्यारांचा आणि टाक्यांचा. कोलिन हार्वे यांनी १९८२ मध्ये नाकपुडी, टाळू आणि स्वरयंत्राच्या पिशव्या यांवर एकापाठोपाठ एक लेख लिहून ही ऑपरेशनं एका सूत्रात आणली. नाकपुडीच्या बाजूच्या मांसातून पाचरीसारखा तुकडा काढून टाके घालायचे, ही रीत रुळली. ट्रेडर यांची रीत त्याहून रांगडी होती. नाकपुडीचा अडवणारा भाग सरळ छाटायचा, टाके न घालता जखम आपोआप भरू द्यायची. रक्त फार येतं म्हणून ती मागे पडली होती. २००८ मध्ये शिह त्झूच्या लहान पिल्लांवर ती करून पाहिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि साठ वर्षांपूर्वीची युक्ती पुन्हा वापरात आली.

टाळूच्या बाबतीत कात्रीच्या जोडीला १९९० च्या दशकात कार्बन डायऑक्साइड लेझर आला. कापता कापता रक्तवाहिन्या बंद होत असल्याने रक्तस्राव आणि वेळ दोन्ही वाचले. मग लक्षात आलं, की टाळू लांब असते तशीच जाडही असते आणि नुसतं टोक कापून जाडी जात नाही. त्यावर फिन्जी आणि द्युप्रे यांनी वेगळी शक्कल काढली. टाळूच्या आतला मांसल गाभा काढायचा आणि उरलेला पातळ पदर पुढच्या बाजूला दुमडून शिवायचा. जर्मनीत लाइपझिगला गेरहार्ड ओख्टरिंग यांनी दुर्बीण नाकात खोल घातली तेव्हा दिसलं, की नाकपुडी आणि टाळू मोकळी केली तरी मधली वाट कुरळ्या पडद्यांनी तुंबलेली आहे. ते पडदे एकमेकांना टेकलेले, काही तर मागे घशाकडे वाढलेले. लेझरने ते काढण्याची त्यांची पद्धत २०१६ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली.

या ऑपरेशनमधला सर्वांत जिकिरीचा काळ कापाकापीनंतर येतो. भूल देऊन घशात नळी घातली, की अनेकदा या कुत्र्याला आयुष्यात प्रथमच सरळ वाट मिळते. भूल उतरताना ती नळी काढायची असते, आणि घसा तर नुकताच कापलेला, सुजलेला. म्हणून कुत्रा पुरता जागा होऊन नळी चावायला लागेपर्यंत ती तशीच ठेवतात, मान उंच धरतात, पुढचे काही तास नजर हटवत नाहीत. या कुत्र्यांत ओकारी आणि पित्त घशाशी येणं नेहमीचं असल्याने पोटाची औषधंही आधीपासून देतात. एवढं करून बहुतेक कुत्र्यांना आराम पडतो. लांब नाकाच्या कुत्र्यासारखा श्वास मात्र क्वचितच मिळतो.

तरी अनेक कुत्रे टेबलापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण मालकाला दुखणं दिसत नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमध्ये रोवेना पॅकर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांच्या कुत्र्यांना हा त्रास ठळक होता अशा ५८ टक्के मालकांनी आपल्या कुत्र्याला श्वासाची काही अडचण नसल्याचं सांगितलं. ‘ही जात घोरतेच’ हे वाक्य आपल्याकडेही ऐकू येतं. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला आणि मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ही जात मावली, रुळली. त्याची घरघर लाडाची झाली. पण कुत्रा घामाने नव्हे, धापेने थंड होतो. त्याच्या अंगातली उष्णता मुख्यतः जीभ आणि नाकातला ओलावा उडाला तरच बाहेर पडते. मुंबईच्या दमट हवेत ओलावा नीट उडत नाही, नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवाच अंगाहून तापलेली. ज्याचं नाक नावापुरतं आहे त्याची दोन्हीकडे अडचण.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत शल्यविशारदांनी आणि संशोधकांनी सुरीबरोबर मोजपट्टी हाती घेतली, आणि या कुळाला मोठं वळण मिळालं ते तिथे. पॅकर यांच्या २०१५ च्या अभ्यासात हा आजार फक्त अशाच कुत्र्यांत आढळला, ज्यांच्या तोंडाची लांबी कवटीच्या निम्म्याहून कमी होती. केंब्रिजमध्ये जेन लॅडलो, डेव्हिड सार्गन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याला पारदर्शक पेटीत ठेवून त्याच्या श्वासाचा आलेख काढला. त्या कामातून आलेली तपासणी ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१९ मध्ये सुरू केली. तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं, आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने घसा ऐकायचा आणि शून्य ते तीन अशी श्रेणी द्यायची. ती दोन वर्षंच ग्राह्य, कारण दुखणं वाढत जातं. नेदरलँड्सने त्याच वर्षी फार आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या प्रजननावर निर्बंध कडक केले. नॉर्वेत ओस्लोच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये बुलडॉगच्या प्रजननावर बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये अपिलात बुलडॉगवरची ही बंदी उठली. जर्मनीत काहींनी पगचा पार्सन रसेल टेरियरशी संकर करून लांब नाकाचा ‘रेट्रोमॉप्स’ तयार केला.

ऐंशी वर्षं सुधारत गेलेल्या या ऑपरेशनची मर्यादा पहिल्या दिवसापासून तीच आहे: कापलेली टाळू पिल्लांत उतरत नाही. बापाचा श्वास डॉक्टरांनी मोकळा केला, तरी पिल्लं त्याच्या मूळच्या कवटीवर जातात. उलट ऑपरेशनने ठणठणीत दिसणारा नर जोडीला लावला, तर दुखणं झाकून पुढे जातं. म्हणून ऑपरेशनची वेळ आलेल्या कुत्र्याची नसबंदीही करावी, असं अनेक पशुवैद्य आग्रहाने सांगतात. पिल्लू घ्यायला जाणाऱ्याने त्याच्या आईबापांना तीन मिनिटं पळवून दाखवायला सांगावं आणि कान देऊन ऐकावं. विकणारा नको म्हणाला, तर त्या घरातून पिल्लू आणू नये.