चुना लावण्याचा इतिहास

आमच्या बँकेत ‘चुना लावणे’ याचा एकच अर्थ आहे. तो लावणारा गृहस्थ सुटाबुटात येतो, साहेबांसोबत चहा घेतो आणि कर्ज मंजूर झाल्यावर पुन्हा दिसत नाही. या शब्दांना दुसरा, अगदी सज्जन अर्थही आहे, हे मला एका भिंतीनं शिकवलं. शिकवणीची फी प्रॉव्हिडंट फंडातून गेली.

साताऱ्याजवळच्या गावी आजोबांनी बांधलेलं आमचं विटा-चुन्याचं घर आहे. वडील होते तोवर दरवर्षी दसऱ्याआधी पायजमा दुमडून, चुन्यात नीळ कालवून, कुंच्यानं स्वतः भिंती रंगवत. मी पडलो कॉमर्स ग्रॅज्युएट. मला त्यात फक्त दरसालचा खर्च दिसे. ते गेल्यावर माजघरात वीतभर ओल दिसली, तेव्हा मी ठरवलं, एकदाच काय तो भांडवली खर्च करून टाकू. सिमेंटचा गिलावा, वर चकचकीत ऑइलपेंट!

दुसऱ्या पावसाळ्यात ओल छातीपर्यंत चढली. रंगाला फुगे आले, पांढरी पूड गळू लागली. सौ. म्हणाली, “अहो, भिंतीला गालगुंड झालंय.” कंत्राटदाराचा फोन लागेना. अशा वेळी कोणी देवाकडे वळतो, कोणी बाटलीकडे. मी इतिहासाकडे वळलो.

तर ओल ही जगातली फार जुनी खातेदार निघाली. बायबलातल्या लेवीय ग्रंथात भिंतीवरच्या डागाची रीतसर कार्यपद्धती दिली आहे. याजकानं येऊन पाहावं, घर सात दिवस बंद ठेवावं. डाग पसरला तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावेत, भिंती खरवडून नवा गिलावा करावा. तरीही उमटला तर घर पाडावं. पहिली नोटीस, दुसरी नोटीस, जप्ती! बाबिलोनचा राजा हम्मुराबी याहून कडक. इ.स.पूर्व १७५० च्या सुमाराच्या त्याच्या कायद्यात, भिंत कलली तर बांधणाऱ्यानं ती स्वखर्चानं सावरायची. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहान्त. हे कलम मी दोनदा वाचलं.

रोमचा थोरला प्लिनी इ.स. ७७ च्या सुमारास लिहितो, की शहरातली घरं पडतात ती मुख्यतः चुन्याच्या चोरीमुळे. म्हणजे चुना न लावता चुना लावणारे तेव्हाही होते! जुन्या नियमाप्रमाणे तीन वर्षं न मुरलेला चुना वापरायला कंत्राटदाराला बंदी होती, असंही तो सांगतो. तीन वर्षांची मुदत ठेव, आधी मोडता येणार नाही.

मग माणसाला घाई झाली. २१ ऑक्टोबर १८२४ रोजी इंग्लंडात लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्यानं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९१४ साली पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागलं. पूल झाले, धरणं झाली. सिमेंटची चूक काहीच नाही. मी ते चुकीच्या खात्यात जमा केलं, एवढंच.

हे मला गावच्या म्हाताऱ्या गवंड्यानं समजावलं. भिंतीवर हात ठेवून तो म्हणाला, “साहेब, चुन्याची भिंत श्वास घेती. जमिनीतनं चढलेलं पाणी हवेत सोडती. तुम्ही तिचं नाक दाबलंय.” नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, आमच्या भिंतीनं ते छातीच्या उंचीवर उघडलं होतं.

त्यानं आधी भिंतीला हातच लावला नाही. फुटकी पन्हळ बदलली. भिंतीला टेकलेला अंगणातला मातीचा ढीग काढला, पाण्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला. मग सिमेंट उतरवलं, भिंत महिनोन्‌महिने नुसती वाळू दिली आणि शेवटी चुन्याचा गिलावा केला.

सिमेंट उतरवताना कपाटामागच्या कोपऱ्यात कंत्राटदाराचा आळस उघड झाला. जुना रंग न टोचता त्यानं वरच्यावर गिलावा थापला होता. तो अख्खा सुटून आला आणि खाली वडिलांचा चुना दिसला. निळसर पांढरे, कागदासारखे थर, एकावर एक. दर वर्षाची एक नोंद, एकही हप्ता न चुकवलेलं पासबुक. मी नखानं थर मोजू लागलो. एकोणिसाव्यापुढे दिसेना. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

यंदा दसऱ्याआधी मी पायजमा दुमडला. चिरंजीव म्हणाले, “बाबा, दरवर्षी कशाला? एकदाच काय ते पक्कं करून टाका ना!”

तो बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. मी काही बोललो नाही. चुन्याची बादली त्याच्या हातात दिली.