भीमथडीचे तट्टू

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या शेंदूरजनाघाटचे नाव आज संत्र्यांच्या बागांमुळे सर्वतोमुखी आहे. परंतु मोटारी येण्यापूर्वी अशा डोंगरवाटांवर ओझे वाहिले ते बैलांनी आणि तट्टांनी. तट्टू म्हणजे हलक्या कुळीचे जनावर, ही समजूत मात्र इतिहासाला धरून नाही. ज्या अश्वबळावर मराठ्यांनी उत्तरेपर्यंत मजल मारली, त्यात भीमेच्या थडीवर निपजलेल्या तट्टांचा मोठा वाटा होता.

दख्खनच्या मूळ तट्टांत अरबी व तुर्की घोड्यांचे रक्त मिसळून ही जात सिद्ध झाली, असे मानतात. उंची बेताची, बांधा काटक, खूर कठीण. चंदी मिळाली तर उत्तम, न मिळाली तर रानातल्या गवतावरही भागे. अवजड तोफखाना व बाजारबुणगे मागे ओढणाऱ्या शत्रूला असल्या स्वारांचा पाठलाग करणे जड जाई. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. तो घोडा पडला की शिलेदाराची चाकरीच धोक्यात येई. शौर्याच्या कथा सांगताना हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याकडील अडगावच्या रणात भोसले व शिंदे यांच्या फौजांचा मोड झाला आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पागा मोडल्या, तशी चांगली पैदास राखणाराही उरला नाही.

तट्टू टिकले ते धनगरांच्या वाड्यांवर. मेंढरांमागे हिंडताना बिऱ्हाड, भांडीकुंडी, कोकरे व कधी लहान मूलही त्याच्याच पाठीवर! स्वीडनच्या गॉटलंड बेटावरील 'रुस' नावाचे ठेंगणे घोडे तेथील शेतकऱ्यांनी लॉयस्टाच्या माळरानावर कळप राखून वाचविले. येथे ते काम धनगरांनी कोणताही गाजावाजा न करता केले.

राजा बढे यांच्या ज्या गीतात या तट्टांचा नामोल्लेख आहे, ते २०२३ साली महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. जनावराची स्वतंत्र जात म्हणून नोंद मात्र त्यानंतर, २०२४ साली झाली. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ती केली. त्या वेळी पुणे, सातारा, सोलापूर व नगर या भागांत त्यांची संख्या पाच हजारांच्या आसपास सांगितली गेली. नोंदीने वंश आपोआप वाढत नाही. उत्तम नर निवडून धनगरांच्या कळपांतच पैदास करणे, हे काम अद्याप पुढे आहे.