सुईणीचा हात आणि परिचारिकेची पदवी

महाराष्ट्रातील अनेक गावांत सुईणपण अस्पृश्य स्त्रीकडे, विशेषतः मांगवाड्याकडे होते. सवर्णाच्या लेकराची नाळ तिने कापायची आणि ओंजळभर धान्य, जुने लुगडे घेऊन परत फिरायचे. तिचे कौशल्य ज्ञान मानले गेले नाही, विटाळाचे काम ठरले.

हेच काम विद्यालयात गेले तेव्हा तेथेही पायऱ्या पडल्या. १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येची पदवी सुरू झाली. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. पुढे खेड्यांसाठी सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे ए.एन.एम., आली. आज ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन आणि बी.एस्सी. चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पहिल्या दोहोंना कोणत्याही शाखेची बारावी चालते. पदवीला जीवशास्त्रासह विज्ञान लागते. म्हणजे आपल्या मुलीची पायरी दहावीनंतर शाखा निवडतानाच ठरते. तेव्हा तिला हे कुणी सांगितलेच नाही, तर पदवीची राखीव जागा तिच्या काय कामाची?

खालची पायरी कमीपणाची नव्हे. ए.एन.एम.नंतर जी.एन.एम. आणि त्यानंतर दोन वर्षांत पदवी घेता येते. पण ही वाट दहावीच्या वर्गात सांगितली पाहिजे. शिक्षक-कार्यकर्त्यांनो, सुईणीच्या नातीला सेवेची थोरवी ऐकवू नका. प्रवेशाचे नियम समजावून द्या.