जमात बघून नाही, घर बघून

मंगळवेढ्याचं पोरगं केसमध्ये सापडलं की प्रकरण सोलापूरच्या बाल न्याय मंडळापुढं जातं. परिविक्षा अधिकाऱ्यानं त्याचं घर, शाळा, संगत बघून दोन आठवड्यांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा, असं २०१५ चा कायदा सांगतो.

याच सोलापुरात इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमातीं’ना तारेच्या कुंपणात कोंडलं होतं. १९११ च्या कायद्यानं त्यांची लेकरं आईबापांपासून तोडून सुधारशाळेत घालता यायची. पोरानं काही केलंय का, हा प्रश्नच नाही, जमात पुरे! तो कायदा १९५२ ला गेला. वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच.

म्हणून अहवालाला फॉर्म समजू नका. पन्नासेक किलोमीटर येऊन उंबऱ्यात बसायचं सोडून फोनवर रकाने भरले, तर ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’पुढं पुन्हा जमातच लिहिली जाते.