आजारी दिवसाची मजुरी

पावसाळा सरत आला म्हणजे धारूर, वडवणी, केज, पाटोदा या भागांत मुकादमांची ये-जा वाढते. उचल कोणी घेतली, कोणाची मागली बाकी किती, याचीच गावोगाव बोलणी. त्या दिवसांत एखादा तरुण आम्हांस गाठतो आणि हलक्या आवाजात विचारतो, की वाळूजला कंत्राटावर काम मिळते आहे, पैसा बेताचा आहे, पण विम्याचे कार्ड आहे. तर जावे काय? जवळ बसलेली म्हातारी माणसे हसतात. दवाखान्यासाठी कोणी नोकरी धरतो काय, असे त्यांचे म्हणणे. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आमच्या जिल्ह्याच्या वाट्यास तो कसा आला, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कामगाराच्या आजारपणाचा खर्च कोणी सोसावा, याचे कायद्याने दिलेले पहिले मोठे उत्तर जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कने दिले. त्याच्या मनात कामगारांविषयी कळवळा होता असे नव्हे. समाजवाद्यांचे बळ कमी करावे हा त्याचा हेतू होता. हेतू काही असो, मालक आणि कामगार या दोघांनी वर्गणी भरावी आणि आजारात कामगारास पैसे मिळावेत, ही कल्पना तेथून जगभर गेली. आपल्याकडे १९२३ साली अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला, १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिभत्त्याचा. आजारपणाचा विमा मात्र रखडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मध्यवर्ती सरकारात मजूरमंत्री असताना १९४३ साली प्रा. अडारकर यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि एप्रिल १९४८ मध्ये राज्य कामगार विम्याचा कायदा झाला.

त्या एप्रिल महिन्यात बीड कोठे होते? निजामाच्या राज्यात. संस्थान सप्टेंबरात मोकळे झाले. म्हणजे कायदा जन्मला तेव्हा आम्ही त्याच्या हद्दीबाहेर होतो. हद्द पुढे मिटली, पण कायद्याच्या आत एक दुसरी हद्द होती. १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली, १९५४ साली ती नागपूर-मुंबईस आली. पण हंगामी कारखाने तीतून मुळातच वगळलेले होते. हंगामी कारखाना कोणता, याची यादी कायद्यातच आहे. कापसाची सरकी काढणे, गाठी बांधणे, भुईमूग फोडणे, साखर व गूळ करणे. श्रोतेहो, ही यादी वाचताना आमच्याच तालुक्यांचा बाजार वाचतो आहोत असे वाटते. ज्या कामांवर हा जिल्हा जगला, नेमकी तीच वगळलेली! २०२० साली संसदेने सामाजिक सुरक्षेची नवी संहिता मंजूर केली, तीतही हंगामी कारखाना बाहेरच ठेवला आहे.

ऊसतोड मजूर तर याहूनही दूर. तो कारखान्याच्या हजेरीपटावरच नाही. त्याचा व्यवहार मुकादमाशी, आणि नवराबायको मिळून एक कोयता. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट फार वाहू लागली. उचलीस आपण कर्ज म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण तिच्यातून बापाचे ऑपरेशन झालेले, बायकोचे बाळंतपण निभावलेले आम्ही किती घरांत पाहिले आहे. गरिबाचा आजारपणाचा विमा तो हाच. फक्त हप्ता नंतर फेडायचा, आणि तो अंगमेहनतीने.

दोन्ही व्यवस्थांतील भेद दवाखान्याचा नाही. दवाखाना आता अन्य मार्गानेही मिळतो. अंबाजोगाईस १९७४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि शस्त्रक्रियांसाठी २०१२ साली सुरू झालेली सरकारी योजना २०१३ पासून आपल्या जिल्ह्यातही आली. खरा भेद आजारी दिवसाच्या मजुरीचा आहे. विमा उतरलेल्या कामगाराने सहामाहीत ७८ दिवस वर्गणी भरली असेल, तर पुढे आजारात पहिले दोन दिवस सोडून त्यास मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. फडात याच्या उलट. ताप आला आणि कोयता खाली ठेवला, तर मजुरी बुडतेच, वर खाड्याचा दंड बसतो. एकीकडे आजारी दिवसाचे पैसे मिळतात, दुसरीकडे त्याच दिवसाचे पैसे भरावे लागतात.

खाड्याची ही भीती स्त्रियांच्या देहापर्यंत पोचली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्याची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींत एक. दर महिन्याचे दुखणे आणि दर महिन्याचा खाडा यांतून सुटका म्हणून ही वाट धरली, असे कित्येक बायांनी सांगितले. डॉक्टरांचा लोभ त्यात नव्हता असे कोण म्हणेल? पण लोभास आयते गिऱ्हाईक कोणी पुरविले, तेही पाहिले पाहिजे.

मालक ठरलेला नाही म्हणून काही करता येत नाही, हे आम्हांस मान्य नाही. हमालांचाही मालक ठरलेला नव्हता. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे नेमली, मालाच्या धन्यांकडून लेव्ही वसूल केली, आणि पाठीवर पोते वाहणाऱ्यास भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार मिळाले. ऊसतोड्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ उभे राहण्यास २०२१ साल उजाडले.

आता त्या तरुणाचे उत्तर. धारूर तालुक्यातील अशाच एका जोडप्याबरोबर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. पगार १४,००० रुपये. त्यातून ०.७५ टक्का, म्हणजे १०५ रुपये त्याचे कापले जाणार. मालकाने सव्वातीन टक्के, म्हणजे ४५५ रुपये भरायचे. त्यात बायको, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईबाप यांचे औषधपाणी आले. आम्ही म्हटले, जा. मात्र पहिल्या पगाराच्या आधी विम्याचा नंबर मागून घे. कारण एका कंत्राटदाराने पाच महिने वर्गणी कापून घेतली आणि नाव नोंदविलेच नाही, हे आम्ही स्वतः भांडून बाहेर काढले आहे. आजार आल्यावर नंबर शोधू नये.

बाई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "दादा, मागल्या सालाची बाकी कोण फेडणार?" हिशेबाच्या कागदावर तो आकडा आम्ही लिहिलाच नव्हता. मुकादमाचा कोयता दोघांचा. एकटा माणूस नोकरीस गेला तर बाकी तशीच राहते, आणि तिच्यापायी तगादा, शिव्या, बैल ओढून नेणे, सारे येते. शेवटी तो वाळूजला गेला आणि बाकी फेडण्यासाठी ती आपल्या भावाबरोबर कोयत्यावर गेली. कार्डावर तिचे नाव लागले. त्या हंगामात फडावर तिला दोनदा ताप आला. दोन्ही वेळा भावाने खाडा भरला. पट्टा पडून ती गावी परतली तेव्हा मुकादमाच्या वहीत दोन्ही खाडे तिच्या नावावर मांडलेले होते.