'इंका' कोण आणि 'गोंड' कोण?



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, पेरूमधला 'इंका' आणि आपले मूल, यांचा संबंध काय? संबंध आहे. तो नावाचा आहे.

आपण शाळेत 'इंका लोक', 'इंका संस्कृती' असे शिकलो. पण क्वेचुआ भाषेत 'इंका' हे साऱ्या प्रजेचे नाव नव्हतेच. कुस्कोच्या राज्यकर्त्या कुळाचे ते नाव. राजा तो 'सापा इंका', म्हणजे एकमेव इंका. राज्याला म्हणत 'तावान्तिनसुयू', म्हणजे एकत्र जोडलेले चार विभाग. आणि साधा माणूस? तो 'रुना'. रुना म्हणजे माणूस. त्याची भाषा 'रुनासिमी', माणसांची बोली. १५३२ मध्ये पिझारोने राजा अताहुआल्पाला कैद केले, आणि पुढे युरोपच्या लेखनात राजाची पदवी सगळ्या मुलखाला चिकटली. गार्सिलासो दे ला वेगा या लेखकाची आई इंका राजघराण्यातली. त्याने १६०९ च्या ग्रंथात सांगून ठेवले की 'इंका' म्हणजे राजा, किंवा राजवंशाचा पुरुष. पण जगाने ऐकले नाही.

आता 'इंका'चा मूळ धातू कोणता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण व्युत्पत्ती म्हणजे सर्व काही नव्हे. आपल्या नैयायिकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. चिखलात जन्मते ते पंकज, हा झाला योगार्थ. मग बेडूकही पंकज व्हायला हवा! पण आपण कमळालाच पंकज म्हणतो, ती रूढी. तेव्हा प्रश्न असा विचारावा: रूढी पडली खरी, पण ती पाडली कोणी?

हाच प्रश्न घेऊन आता आपल्या जंगलात येऊ. 'गोंड' हा शब्द तेलुगूतल्या 'कोंडा', म्हणजे डोंगर, यावरून आला असे पुष्कळ जण मानतात. तसे असेल तर ते शेजाऱ्यांनी दिलेले नाव: डोंगरातले लोक. गोंडी बोलणारा स्वतःला म्हणतो 'कोयतूर'. कोयतूर म्हणजे माणूस! रुना आणि कोयतूर, मध्ये दोन महासागर. पण उत्तर एकच.

फरकही लक्षात घ्या. तिकडे राजाचे नाव प्रजेवर आले, इकडे शेजाऱ्याने दिलेले नाव राजालाही लागले. १७५१ पर्यंत चांद्यावर ज्यांनी राज्य केले त्यांनाही इतिहास 'गोंड राजे' म्हणतो. पुढे भूगर्भशास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या कोळशाच्या खडकांना 'गोंडवाना' म्हटले, आणि ते नाव एका प्राचीन महाखंडाला मिळाले. त्या महाखंडात दक्षिण अमेरिकाही होती!

मग 'गोंड' हे नाव टाकून द्यायचे का? आम्ही तसे म्हणत नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड' या नोंदीखाली राजगोंड, माडिया, कोया, कोईतर अशी कितीतरी नावे आहेत. दाखल्यावरच्या त्या शब्दाने पोराला शाळा-कॉलेजात हक्काची जागा मिळते. गडचिरोलीच्या विद्यापीठानेही २०११ मध्ये 'गोंडवाना' हेच नाव अभिमानाने घेतले. दिलेले नावही माणसे आपलेसे करतात.

आमचे मागणे एवढेच: पोराच्या दाखल्यावर काय लिहिले आहे ते जरूर वाचा, पण त्याच्या आजीला एकदा विचारा, 'बाई, तुम्ही स्वतःला काय म्हणता?' ती सांगेल ते उत्तरही इतिहासच आहे, आणि अजून ते पुरते लिहून झालेले नाही.

आता तुमचे प्रश्न ऐकू.