अंतर्गळाचा इलाज आणि वंशाची चिंता

अंतर्गळाची शस्त्रक्रिया झाल्यावर आपल्याला संतती होईल ना, हा प्रश्न आजचा तरुण रुग्ण संकोचत, आडवळणाने विचारतो, तेव्हा त्याची भीती अज्ञानातून उपजली असे समजण्याची घाई कोणी करू नये. कारण युरोपखंडात कित्येक शतके या व्याधीच्या इलाजाचे मोल असंख्य पुरुषांनी आपला वृषण देऊनच चुकते केलेले आहे.

गर्भावस्थेत वृषण उदरातून जांघेच्या ज्या वाटेने खाली उतरतो, त्याच वाटेने पुढे आतडे घसरते, आणि त्यामुळे अंतर्गळाची पिशवी शुक्रवाहिनीला व वृषणाच्या रक्तवाहिन्यांना अगदी बिलगून असते. त्यांना इजा न करता पिशवी सोडवण्यास शरीररचनेचे ज्ञान आणि पुरेसा अवधी लागतो. बधिरीकरणाची सोय नसताना, वेदनेने तळमळणाऱ्या मनुष्यावर शस्त्र चालवणाऱ्यापाशी अवधी तरी कोठून असणार? पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार सेल्सस याने वृषण राखण्याची रीत वर्णिली होती खरी, परंतु सातव्या शतकातील ग्रीक वैद्य एजिनाचा पॉल याच्या ग्रंथात पिशवीबरोबर वृषणही काढण्याची पद्धत येते, आणि मध्ययुगात तीच वहिवाट होऊन बसली. आपल्याकडे सुश्रुताने वंक्षणापर्यंतच, म्हणजे जांघेपर्यंतच, आलेल्या अंत्रवृद्धीवर (अंतर्गळावर) अर्धचंद्राकृती शलाकेने डाग देण्यास सांगितले आणि वृषणकोशात उतरलेली वृद्धी मात्र वर्ज्य ठरवली. शस्त्राची मर्यादा ओळखून घेतलेल्या त्या माघारीत मला मोठा विवेक दिसतो.

विद्यापीठांतील वैद्य शस्त्र हाती धरणे कमीपणाचे मानीत, म्हणून हे काम फिरत्या कसबी लोकांकडे गेले. इटलीच्या डोंगराळ मुलखातील नॉर्चा व प्रेची येथील मंडळी डुकरे खच्ची करण्यात जशी वाकबगार, तशीच मूतखडा आणि अंतर्गळ कापण्यातही प्रसिद्ध होती. एकाच हाताने ही दोन्ही कामे व्हावीत, यावरूनच त्या शस्त्रकर्माचे स्वरूप ध्यानी येते. या हानीची दखल धर्मसत्तेलाही घ्यावी लागली. इ. स. 325 च्या निकेआ येथील धर्मपरिषदेने पहिल्याच नियमात, आजारपणात वैद्यांकडून वृषणच्छेद झालेल्या पुरुषास धर्मसेवेत राहण्याची मुभा दिली. उलट 1587 साली पोप पाचव्या सिक्स्टसने, दोन्ही वृषण नसलेला पुरुष विवाहास अपात्र आहे, असे फर्मान काढले. ज्याच्या दोन्ही जांघांत शस्त्र चालले, त्याचा वंशच नव्हे, तर संसाराचा हक्कही बुडाला.

या अंधारात पहिला उजेड पाडला तो पंडितांनी नव्हे, तर त्याच हुन्नरातील दोघा माणसांनी, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. लिंडाऊचा कास्पार श्ट्रोमायर याने 1559 सालच्या आपल्या सचित्र हस्तलिखितात अंतर्गळाचे दोन प्रकार वेगळे करून, त्यांतल्या एकात वृषण काढण्याचे काहीच कारण नाही, असे प्रतिपादिले. पण ते हस्तलिखित पडून राहिले आणि छापले गेले ते थेट 1925 साली. प्रोव्हान्सच्या प्येर फ्रांकोने मात्र 1556 आणि 1561 साली लियाँ येथे आपले ग्रंथ छापून वृषण वाचवण्याचा मार्ग उघड केला. त्याचाच समकालीन फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआज पारे यानेही वृषण कापणाऱ्यांचा कडक शब्दांत निषेध केला.

पुढे बधिरीकरण व जंतुनाशन यांची जोड मिळाल्यावर पादुआचा शल्यविशारद एदोआर्दो बास्सिनी याने 1884 पासून जांघेच्या भिंतीची थरांनुसार बांधणी सुरू केली आणि शुक्रवाहिनी सुरक्षित राखणे हा शस्त्रक्रियेचा नित्यधर्म झाला. तरीही धोका समूळ गेला नाही. बॉल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड आरंभी वृषणाच्या शिराही काढीत, आणि त्यामुळे काही रुग्णांचे वृषण सुकले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जांघेची भिंत बळकट करण्यासाठी पॉलिप्रोपिलीनची जाळी आली. अंतर्गळ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण तिने पुष्कळ घटवले, पण 2005 साली अमेरिकी शल्यविशारदांनी असे 14 पुरुष नोंदवले की ज्यांची शुक्रवाहिनी जाळीभोवतीच्या घट्ट तंतूंत अडकून बंद झाली होती. त्यांतील नऊ जणांची दोन्ही बाजूंची वाट बंद होती, आणि उरलेल्या पाचांची दुसरी बाजू अन्य कारणाने आधीच निकामी होती. स्वीडनमधील शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून पुढे झालेल्या अभ्यासात जाळीमुळे वंध्यत्व वाढल्याचे आढळले नाही. तेव्हा एका बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या आणि दुसरी बाजू निरोगी असलेल्या तरुणाने धीर सोडण्याचे कारण नाही. ज्याच्या दोन्ही बाजूंना जाळी बसवायची आहे, किंवा ज्याचा एकच वृषण कार्यक्षम आहे, त्याने मात्र संततीविषयीचा आपला मानस शस्त्रक्रियेपूर्वीच शल्यविशारदापाशी स्पष्ट बोलावा.